दार बंद असावं, पण किल्ली कुणाकडे?

कॉम्प्युटरचं बटण दाबल्यावर आधी कंपनीचं बोधचिन्ह पडद्यावर उमटतं आणि मग विंडोज उघडू लागतं. या दोन्हींच्या मध्ये जेमतेम दोन-तीन सेकंद जातात. नेमक्या त्या वेळी एफ१२ दाबलं, काही मशीनवर एफ९ किंवा एस्केप, तर एक छोटी यादी समोर येते. आतली डिस्क, नेटवर्क, आणि लावलेला असेल तर पेनड्राइव्ह. हे मशीन आज कुणाच्या हुकमाने चालायचं, एवढंच ती यादी विचारते. पेनड्राइव्ह निवडला की आतल्या डिस्कवर कोणती सिस्टिम आहे आणि तिला कुणाचा पासवर्ड आहे, याच्याशी मशीनला देणंघेणं उरत नाही.

ही यादी उघडी ठेवायची की कुलूपबंद करायची, हा प्रश्न आजवर दुरुस्तीच्या दुकानापुरता होता. आता तो शाळेच्या संगणक कक्षात, गावच्या ग्रंथालयात, पतसंस्थेत आणि घरच्या टेबलावर येऊन ठेपला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, सिक्युअर बूट पेलणारं मशीन लागतं आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७च्या उत्तरार्धात बाजारात आलेला किंवा त्यानंतरचा. त्याआधीची मशीन कितीही धडधाकट असली तरी उंबऱ्याबाहेर राहिली. यामुळे जगभरात सुमारे २४ कोटी कॉम्प्युटर भंगारात जाऊ शकतात, असा अंदाज कॅनालिस या बाजार-अभ्यास संस्थेने २०२३च्या अखेरीस मांडला होता. आपल्याकडे देणगीतून, आमदार निधीतून किंवा पालकांच्या वर्गणीतून उभे राहिलेले संगणक कक्ष बहुतेक याच वयाच्या मशीनचे आहेत.

या मशीनना वाचवायची पहिली पायरी म्हणजे बूटेबल पेनड्राइव्ह. आणि तो चालायला हवा असेल तर तेच दार उघडं ठेवावं लागतं, ज्यातून चोरालाही आत येता येतं. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे, म्हणूनच हा निर्णय एका फटक्यात घेऊ नये असं मला वाटतं.

आधी हे दार चालतं कसं ते पाहू. १९८१मध्ये आयबीएमचा पीसी आला तेव्हापासून मशीन जागं झाल्यावर सर्वांत आधी चालतो तो मदरबोर्डवरच्या चिपमधला एक छोटा प्रोग्रॅम, बायोस. तो डिस्कचे पहिले ५१२ बाइट वाचायचा आणि तिथे जे असेल ते निमूटपणे चालवायचा. ५१२ बाइटमध्ये हा परिच्छेदसुद्धा मावणार नाही. ते कुणी लिहिलं, कशासाठी लिहिलं, याची विचारपूस नव्हती. २००५मध्ये यूईएफआय या नव्या पद्धतीसाठी कंपन्यांचं व्यासपीठ स्थापन झालं आणि पुढच्या काही वर्षांत तिने बायोसची जागा घेतली. ही पद्धत पेनड्राइव्हवरचा फॅट३२मध्ये फॉरमॅट केलेला भाग शोधते, त्यात ‘ईएफआय’ नावाचं फोल्डर, त्याच्या आत ‘बूट’, आणि त्यात ठरलेल्या नावाची एक फाइल. ती मिळाली की तिच्या हाती मशीन सोपवते.

एवढं कळलं की नवख्या माणसाचा अर्धा त्रास संपतो. इंटरनेटवरून उतरवलेली आयएसओ फाइल, म्हणजे अख्खी सिस्टिम एकाच फाइलमध्ये बांधलेली, नुसती पेनड्राइव्हवर कॉपी केली तर मशीनला त्यात काहीच सापडत नाही, कारण ठरलेल्या जागी ठरलेली फाइल नसते. माणूस मात्र पेनड्राइव्ह खराब आहे असं समजून या पोर्टमधून त्या पोर्टमध्ये लावत बसतो. आयएसओच्या आतली मांडणी पेनड्राइव्हवर उतरवावी लागते, आणि रुफससारखा छोटा, फुकट प्रोग्रॅम ते काम काही मिनिटांत करतो. फॅट३२वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि विंडोजची मुख्य फाइल हल्ली बहुधा त्याहून मोठी असते. हाताने कॉपी करणारे तिथे अडतात, रुफसकडे त्यावर तोड आहे. व्हेंटॉय या दुसऱ्या प्रोग्रॅमची रीत आणखी सोयीची. एकदा पेनड्राइव्ह तयार केला की त्यावर हव्या तेवढ्या आयएसओ फाइली नेहमीसारख्या टाकायच्या आणि सुरू करताना हवी ती निवडायची. या कामात पेनड्राइव्हवर आधी असलेलं सगळं पुसलं जातं, हे मात्र दहादा सांगावं लागतं. लग्नाचे फोटो असलेला पेनड्राइव्ह यासाठी हाती घेऊ नये.

आणखी एक अडथळा. विंडोजमध्ये ‘शट डाउन’ केलं तरी फास्ट स्टार्टअपमुळे मशीन बहुतेक वेळा पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. त्यामुळे एफ१२ दाबून काही होत नसेल तर ‘रीस्टार्ट’ करून पाहावं. अनेकांचं घोडं इथेच अडतं.

दार उघडं ठेवावं म्हणणाऱ्यांची सर्वांत बळकट बाजू ही की पेनड्राइव्हमुळे हात न लावता करून पाहता येतं. जर्मनीतल्या क्लाउस क्नॉपर यांनी २००० साली ‘क्नॉपिक्स’ आणलं तेव्हा सीडीवरून विंडोजऐवजी अख्खी लिनक्स सिस्टिम चालायची आणि हार्ड डिस्कवर काडीचाही बदल व्हायचा नाही. आज लिनक्स मिंट या लिनक्सच्याच एका वितरणाचा पेनड्राइव्ह लावला की तेच होतं. मिंटला किमान २ जीबी रॅम लागते, ४ जीबी असेल तर बरं चालतं. वायफाय पकडतंय का, आवाज येतोय का, शाळेचा प्रिंटर ओळखला जातोय का, इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर मराठी टाइप होतंय का, हे तासाभरात समजतं. नाही जमलं तर पेनड्राइव्ह काढायचा, मशीन पुन्हा सुरू करायचं, आणि विंडोज होतं तसं हजर. हजारो रुपये खर्चून नवं मशीन घेण्याआधी एक तास खर्चून जुन्याची परीक्षा घेता येणं ही फार मोठी मोकळीक आहे.

मला या दाराचं मोल कळलं ते वडिलांच्या लॅपटॉपमुळे. निवृत्तीनंतरच्या सहा वर्षांचे फोटो, गावच्या देवस्थानाचा हिशेब आणि आत्याच्या दवाखान्याचे कागद, सगळं त्यात होतं. एके सकाळी तो सुरू होताना अडकला, तो अडकलाच. गल्लीतल्या दुकानात सांगितलं, फॉरमॅट मारावा लागेल, आतलं काही मिळणार नाही. त्या रात्री मी मिंटचा पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू केला. विंडोज मोडलं होतं, डिस्क शाबूत होती. सगळ्या फोल्डरांची नावं एकामागून एक दिसायला लागली तेव्हा वडील खुर्ची ओढून शेजारी येऊन बसले आणि कॉपी पूर्ण होईपर्यंत उठले नाहीत.

पण याच प्रसंगाची दुसरी बाजू मला त्याच रात्री दिसली, आणि ती मनातून गेली नाही. विंडोजला पासवर्ड होता. तो मला कुणी विचारला नाही. मी घरचाच माणूस होतो म्हणून ते फोटो वाचले. त्या खुर्चीवर दुसरा कुणी असता तर वीस मिनिटांत तेच फोटो, तोच हिशेब, तेच दवाखान्याचे कागद घेऊन गेला असता, आणि कुणी येऊन गेल्याची खूणसुद्धा उरली नसती.

विंडोजचा पासवर्ड विंडोज चालू असेल तेव्हाच राखण करतो. डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल आणि पेनड्राइव्हवरून बूट होऊ शकत असेल, तर तो पासवर्ड असून नसल्यासारखा. आता पतसंस्थेच्या कॉम्प्युटरवर काय असतं ते आठवून पाहा. शेकडो सभासदांच्या आधार आणि पॅन कार्डांच्या स्कॅन प्रती, सह्यांचे नमुने, कर्जाचे अर्ज. शाळेत विद्यार्थ्यांच्या नोंदी आणि परीक्षेच्या आदल्या रात्री प्रश्नपत्रिकेची फाइल. सेवा केंद्रात तर निम्म्या गावाचे दाखले. ही माहिती ज्यांची आहे त्यांना कुणी विचारलेलं नाही की तुमच्या कागदांना कोणतं कुलूप लावू. म्हणून ‘आमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय’ हे उत्तर संस्थेच्या तोंडी शोभत नाही. दार बंद करा म्हणणाऱ्यांशी इथे मी पूर्ण सहमत आहे.

सहमती संपते ती कुलपाच्या प्रकाराशी. २०१२मध्ये विंडोज ८बरोबर सिक्युअर बूट घरोघरी आलं. कल्पना उत्तम आहे. मशीन सुरू होताना जी फाइल चालणार, तिच्यावर विश्वासू सही आहे का, हे यूईएफआय आधी तपासतं. सही नसेल तर ती चालवत नाही. विंडोजच्याही आधी जागा होणारा, अँटिव्हायरसला न दिसणारा विषाणू रोखायचा तर असाच पहारा हवा. पण विश्वासू कोण हे ठरवणाऱ्या सह्या बहुतेक मशीनमध्ये मायक्रोसॉफ्टच्या असतात. लिनक्सच्या मोठ्या वितरणांनी मायक्रोसॉफ्टकडून सही करून घेतलेली ‘शिम’ नावाची छोटी फाइल पुढे ठेवून मार्ग काढला, म्हणून उबुंटूसारख्यांचे पेनड्राइव्ह सिक्युअर बूट चालू ठेवूनही सुरू होतात. सिक्युअर बूट बंद केल्याशिवाय लिनक्स चालत नाही, हा समज जुना झाला. जमत असेल तर ते चालूच ठेवावं.

तरी त्या पहाऱ्यावर आंधळा भरवसा नको. ‘ब्लॅकलोटस’ नावाचा विषाणू अद्ययावत विंडोज ११वरही सिक्युअर बूटला चकवतो, असं ईसेट या सुरक्षा कंपनीने मार्च २०२३मध्ये दाखवून दिलं. त्याने वापरलेली त्रुटी वर्षभरापूर्वीच दुरुस्त झाली होती, पण जुन्या, कच्च्या फाइलींवरच्या सह्या रद्द झाल्या नव्हत्या. आणि अशा सह्या रद्द करायला गेलं की काय होतं, तेही दिसलं. ऑगस्ट २०२४च्या विंडोज अपडेटनंतर एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्या अनेकांचं लिनक्स उघडेना, ‘सुरक्षा धोरणाचा भंग’ असा संदेश येऊ लागला. मशीन त्यांचं, डिस्क त्यांची, आणि त्यावर काय चालेल याचा फैसला दूर कुठेतरी झाला. सिक्युअर बूटच्या २०११च्या मूळ प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६पासून एकेक करून संपते. त्यामुळे लगेच मशीन बंद पडत नाहीत, पण नवी प्रमाणपत्रं न पोहोचलेल्या मशीनना बूटच्या टप्प्यावरची पुढची संरक्षणं मिळणार नाहीत. जुन्या मशीनवर ती पोहोचवायची जबाबदारी कुणाची, यावर शाळेच्या मुख्याध्यापकांनी काय उत्तर द्यावं?

आणखी एक गोष्ट फार कमी जणांच्या लक्षात आली. विंडोज ८च्या काळात मायक्रोसॉफ्टची अट होती की नेहमीच्या पीसीवर सिक्युअर बूट बंद करायची सोय मालकाला मिळालीच पाहिजे. विंडोज १०पासून ती सोय द्यायची की नाही हे मशीन बनवणाऱ्या कंपनीवर सोडण्यात आलं. प्रत्यक्षात बहुतेक कंपन्या अजून ती देतात, पण तो आता हक्क राहिला नाही. याउलट टी२ चिप असलेल्या मॅकमध्ये, २०१७च्या अखेरीपासून, बाहेरच्या डिस्कवरून बूट करणं मुळातच बंद ठेवलेलं असतं आणि रिकव्हरीमध्ये जाऊन, स्वतःचा ॲडमिन पासवर्ड देऊन मालक ते उघडू शकतो. मला ही रीत बरोबर वाटते. रस्त्यावरच्या माणसाला दार बंद, घरच्या माणसाला उघडं.

किल्ली जवळ नसलेलं कुलूप काय करतं ते जगाने १९ जुलै २०२४ला पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या वेळेनुसार सकाळी पावणेदहाच्या सुमारास एक सदोष अपडेट सोडलं. सव्वा तासात ते मागेही घेतलं. तोवर मायक्रोसॉफ्टच्या हिशेबाप्रमाणे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली होती. विमान कंपन्यांची कामं थांबली, रुग्णालयं खोळंबली, आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. दुरुस्ती क्षुल्लक होती. एका फोल्डरमधली एक फाइल पुसायची. पण विंडोज उघडतच नाही तर पुसणार कुठून? मशीन सुरू होत नव्हती म्हणून दूर बसून इंटरनेटवरून काहीच करता येईना. मायक्रोसॉफ्टने एक-दोन दिवसांत बूटेबल पेनड्राइव्ह तयार करणारं साधन दिलं आणि जगभरचे आयटीवाले पेनड्राइव्ह घेऊन एकेका टेबलापाशी गेले.

तिथे त्यांची खरी परीक्षा झाली. डिस्क विंडोजच्या बिटलॉकरने एन्क्रिप्ट केलेली असेल तर पेनड्राइव्हवरून बूट होऊनही फाइल दिसत नाही, आधी ४८ आकडी रिकव्हरी की द्यावी लागते. शिस्तीने वागणाऱ्या संस्थांनी डिस्क एन्क्रिप्ट केल्या होत्या, ते योग्यच केलं होतं. पण काहींनी त्या सगळ्या किल्ल्या ज्या सर्व्हरवर ठेवल्या होत्या, तो सर्व्हरही त्याच निळ्या पडद्यावर अडकला होता. कागदावर छापलेली यादी असती तर काम तासांत झालं असतं. या घटनेवरून कुणी एन्क्रिप्शन नको असा निष्कर्ष काढला तर तो चुकीचा होईल, आणि पेनड्राइव्हचं दार कायमचं बुजवा असं म्हणणाऱ्यांनी त्या दिवशी त्याच दारातून मदत आत आली हे विसरू नये.

आमच्या एका नातेवाइकांचं नुकसान मात्र असल्या कुठल्याही मोठ्या संकटाने झालं नाही. व्हिडिओ पाहून त्यांनी लिनक्सचा पेनड्राइव्ह बनवला, तो सुरू होईना म्हणून बायोसमध्ये (यूईएफआयलाही लोक अजून बायोसच म्हणतात) जाऊन सिक्युअर बूट बंद केलं. पेनड्राइव्ह चालला. पण नंतर विंडोज उघडताना मशीनने रिकव्हरी की मागितली. डिस्क एन्क्रिप्ट आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं. लॅपटॉप घेताना दुकानातल्या मुलाने स्वतःच्याच कुठल्याशा ईमेलवर खातं उघडून दिलं होतं आणि की त्या खात्यात गेली होती. तो मुलगा नोकरी सोडून गेला होता. सिक्युअर बूट पुन्हा चालू केल्यावर अशा वेळी बऱ्याचदा मशीन पूर्ववत होतं, पण त्यांनी घाबरून तोवर बरंच काही बदललं होतं. ज्यांच्या हातून चूक झाली त्यांना दोष देववत नाही. त्यांचं मशीन कधी त्यांचं झालंच नव्हतं.

म्हणूनच आपल्याकडच्या खऱ्या धोक्याबद्दल बोलायला हवं. बूट मेन्यूवर पासवर्ड लावणारी संस्थाही मशीन बिघडलं की ज्याला बोलावते, त्याच्या खिशात एक पेनड्राइव्ह असतो. त्यावर विंडोज असतं, कुठून आलेलं ते माहीत नाही, आणि ते ‘ॲक्टिव्हेट’ करणारा एक प्रोग्रॅम असतो, तो कुणी लिहिला ते कुणालाच माहीत नाही. तो पेनड्राइव्ह या आठवड्यात पन्नास मशीनमध्ये लागलेला असतो. पाचशे रुपयांत फॉरमॅट मारून मिळतो, मास्तर चहा पाजतात, आणि संस्थेच्या मशीनचा ताबा कायमचा अनोळखी माणसाच्या हाती जातो. या तरुणांबद्दल माझ्या मनात राग नाही. तालुक्याच्या गावात तोच एक जाणकार असतो आणि त्याला कुणी बरं शिकवलेलं नसतं. पण दार कुणासाठी उघडावं या चर्चेत मुळात दारातून कोणता पेनड्राइव्ह आत येतोय याकडे आपण पाहतच नाही.

लिनक्सच्या बाजूनेही हाच काटेकोरपणा हवा. २० फेब्रुवारी २०१६ला लिनक्स मिंटच्याच संकेतस्थळात घुसून हल्लेखोरांनी डाउनलोडचा दुवा बदलला आणि त्या दिवशी काही लोकांनी चोरवाट असलेली आयएसओ उतरवली. अधिकृत ठिकाणी दिलेली सही आणि एसएचए२५६ ही फाइलची आकडे-अक्षरांतली ओळखखूण उतरवलेल्या फाइलशी ताडून पाहणं, या दोन मिनिटांच्या कामाला आळस करू नये.

मग जुन्या मशीनचं काय? इथे सरसकट सल्ला देणाऱ्यांचं मला पटत नाही. डीटीपीच्या दुकानात श्रीलिपी आणि पेजमेकर आहे, वीस वर्षांच्या लग्नपत्रिका आणि स्मरणिका त्या जुन्या फॉन्टमध्ये अडकल्या आहेत. त्यांना लिनक्सवर या म्हणणं म्हणजे त्यांचं दुकान बंद करा म्हणणं. टॅली विंडोजवर चालतं. डिजिटल सहीचं टोकन आणि अंगठ्याचं यंत्र बऱ्याच ठिकाणी विंडोज धरूनच बसवलेलं असतं. अशांनी विंडोज १०ची वाढीव सुरक्षा मुदत घ्यावी. घरगुती वापरासाठी ती १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत आहे. शिक्षणसंस्थांसाठी मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेला दर पहिल्या वर्षी मशीनमागे १ डॉलर, पुढे २ आणि ४ डॉलर असा आहे, आणि तो नाकारण्यासारखा नाही. अट एवढीच की मुळात विंडोज रीतसर परवान्याचं हवं. हा प्रश्न आपल्या किती शाळांना विचारता येईल याची मला चिंता वाटते.

जिथे काम ब्राउझरमध्ये, लेखनात, गणितात आणि प्रोग्रॅमिंग शिकवण्यात आहे, त्या शाळेच्या कक्षात मात्र लिनक्स न आजमावता मशीन भंगारात देणं मला गैर वाटतं. केरळने सरकारी शाळांत हे राज्यभर करून दाखवलं आहे. तिथल्या ‘काइट’ या सरकारी संस्थेने शाळांसाठी स्वतःचं लिनक्स वितरण तयार केलं, शिक्षकांना शिकवलं आणि पाठ्यपुस्तकं त्यानुसार बेतली. नुसते पेनड्राइव्ह वाटून ते झालं नसतं. सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेचं मुख्यालय आपल्या पुण्यात आहे आणि त्याच संस्थेच्या ‘बॉस’ लिनक्समध्ये मराठीची सोय आहे. महाराष्ट्रात उणीव आहे ती शिक्षकाच्या पाठीशी उभं राहणाऱ्या माणसांची. ज्या शाळेत एकही शिक्षक यात रस घेणार नाही, तिथे लिनक्स टाकून दिलेला कक्ष वर्षभरात धूळ खात पडेल, हेही तितकंच खरं.

पेनड्राइव्हवरच सिस्टिम कायमची ठेवावी, प्रत्येक विद्यार्थ्याने आपला पेनड्राइव्ह आणावा, असंही कुणी सुचवतं. अनुभव त्याच्या बाजूने नाही. साधे पेनड्राइव्ह सतत लिहिण्यासाठी बनवलेले नसतात, संथ चालतात आणि अचानक दगावतात. मायक्रोसॉफ्टनेही ‘विंडोज टू गो’ ही अशीच सोय २०२०मध्ये काढून टाकली. परीक्षा पेनड्राइव्हवर घ्यावी, संसार आतल्या डिस्कवर थाटावा, आणि शक्य असेल तर ती डिस्क एसएसडी असावी.

एखाद्या संस्थेने मला विचारलं तर मी हा क्रम सांगेन. आधी डिस्क एन्क्रिप्ट करा, कारण ते झाल्यावर चोराच्या पेनड्राइव्हला आत पाहण्यासारखं काही उरत नाही आणि दाराची निम्मी भीती संपते. त्याच दिवशी रिकव्हरी की कागदावर लिहा, दोन प्रती, एक कार्यालयाच्या तिजोरीत आणि दुसरी अन्यत्र. मग बायोसला पासवर्ड लावा, बूटक्रमात आतली डिस्क पहिली ठेवा, आणि एफ१२च्या यादीलाही तोच पासवर्ड लागू करा. काही जुन्या डेस्कटॉपवर कॅबिनेट उघडून मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल काढला की हा पासवर्ड पुसला जातो, म्हणून एन्क्रिप्शन आधी. पासवर्ड ठेकेदाराच्या डायरीत राहू देऊ नका, संस्थेच्या नोंदवहीत लिहा आणि मुख्याध्यापक किंवा सचिव बदलले की पदभारासोबत तो सोपवा. संस्थेचा स्वतःचा एक पेनड्राइव्ह असू द्या, अधिकृत जागेवरून उतरवलेला, तपासलेला, आणि दुरुस्तीला येणाऱ्याने तोच वापरावा असा आग्रह धरा. पहिले काही महिने तो मुलगा नाक मुरडेल. एकदा त्याला सोबत बसवून तो पेनड्राइव्ह बनवून दाखवला तर पुढच्या गावात तो तसाच वागण्याची शक्यता बरीच आहे.

आमच्या घरी वीजबिलांच्या फाइलमध्ये आता एक पाकीट आहे. त्यात ४८ आकडे आहेत, बायोसचा पासवर्ड आहे, आणि चिकटपट्टीवर तारीख लिहिलेला एक पेनड्राइव्ह. दिवाळीच्या सुटीत आणि मे महिन्यात तो लावून मी मशीन एकदा सुरू करून पाहतो. मागच्या वेळी ते काम वडिलांनी केलं. एफ१२ नेमकं केव्हा दाबायचं हे त्यांना तिसऱ्या खेपेला जमलं, मग पाकीट त्यांनी स्वतःच जागेवर ठेवलं आणि ते कुठे आहे हे आईलाही सांगितलं.